सोपवून देणारा राजा : राजर्षी शाहू महाराज

कोल्हापूरच्या दसरा चौकात उभे राहिले की सभोवार अनेक समाजांच्या बोर्डिंगांच्या इमारती दिसतात. मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशी नावे कोल्हापूरकरांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र एक प्रश्न पडतो. या सर्व संस्थांच्या मागे एकाच राजाची प्रेरणा होती, तर त्याने सर्वांसाठी एकच भव्य वसतिगृह बांधून ते आपल्या हाती का ठेवले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास राजर्षी शाहू महाराजांच्या स्वभावाचा एक कमी परिचित पैलू दृष्टीस पडतो.

आरक्षणाचे जनक, शिक्षणाचे पुरस्कर्ते, अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक म्हणून महाराज आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. परंतु हाती असलेली सत्ता दुसऱ्याच्या हाती देणे, त्यासाठी त्याला तयार करणे आणि दिल्यावर त्याच्यावर विश्वास टाकणे, ही त्यांच्या जीवनातील मोठी साधना होती. ती सहजासहजी साधली नाही आणि सर्वत्र साधली असेही म्हणता येत नाही. म्हणूनच घरातील किल्ल्या कमरेला बांधून वावरणाऱ्या आपल्यासारख्या सामान्य माणसांना त्यांच्या चरित्रातून काही घेण्यासारखे आहे.

दहा वर्षे दुसऱ्यांच्या हाती

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार होते. मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. यशवंतराव अवघे तीन वर्षांचे असताना मातृछत्र हरपले.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे इंग्रजांच्या नजरकैदेत करुण अंत झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई राणीसाहेब यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. दहा वर्षांच्या मुलाला गादी मिळाली, पण कारभार मिळाला नाही. तो पाहण्यासाठी रीजंट व कौन्सिल होते आणि त्यांच्यावर इंग्रज पोलिटिकल एजंटाची देखरेख होती. १८८६ मध्ये वडीलही वारले.

राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर या शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. राज्याची सूत्रे प्रत्यक्ष हाती आली ती २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षात.

आपल्या नावाचा कारभार दहा वर्षे इतरांनी चालविलेला ज्याने पाहिला, त्याने अधिकार मिळताच मूठ अधिक घट्ट आवळणे स्वाभाविक होते. इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. शाहू महाराजांनीही राज्यावरील आपला अधिकार कधी सैल पडू दिला नाही. तरीही कारभार हाती घेताच त्यांनी जो पहिला शोध सुरू केला, तो माणसांचा होता.

एका हाताने राज्य चालत नाही

सूत्रे हाती घेतली तेव्हा दरबारातील बहुतेक सर्व महत्त्वाच्या जागा एकाच जातीच्या शिकलेल्या मंडळींकडे होत्या. शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य समाजातील माणसे केवळ कर भरण्यापुरती राज्यात होती. राजाने कितीही चांगला हुकूम काढला तरी तो गावापर्यंत पोहोचताना ज्या हातांतून जाई, ते हात त्याला हवे तसे वळवू शकत. महाराजांनी हे लवकर ओळखले. आपण एकट्याने किती पाहणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे प्रथमपासून होता.

त्यांनी भास्करराव जाधव यांच्यासारख्या हुशार, तरुण पदवीधराला दरबारच्या नोकरीत घेतले आणि जबाबदारीची कामे दिली. १८९८ पासून रघुनाथराव सबनीस दिवाण झाले आणि महाराजांच्या हयातीत त्या पदावर राहिले. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्या विद्वानाला राजाराम कॉलेजात आणि शिक्षणाच्या कामात स्थान मिळाले. पुढे याच लठ्ठ्यांनी महाराजांचे चरित्र लिहिले. माणूस हेरावा, त्याला काम द्यावे आणि ते त्याचेच काम आहे असे त्याला वाटू द्यावे, ही महाराजांची पद्धत दिसते.

१९०२ मध्ये सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त महाराज इंग्लंडला गेले. ते परदेशात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा सुप्रसिद्ध हुकूम कोल्हापूरच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात, असा तो हुकूम होता. आपल्या आयुष्यातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा हुकूम अमलात येऊ लागला तेव्हा राजा हजारो मैल दूर होता. तथापि त्या हुकुमात एक तरतूद होती. प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने आपण केलेल्या नेमणुकांची माहिती दर तीन महिन्यांनी सादर करावयाची होती. नेमणुकीचा अधिकार खातेप्रमुखाकडेच राहिला, परंतु त्याचा हिशेब देण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली. काम सोपविणे आणि काम टाकून देणे यांत जे अंतर आहे, ते या एका तरतुदीत स्पष्ट दिसते.

फसलेला पहिला प्रयत्न

हे शहाणपण त्यांना अनुभवातून आले होते. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे एक वसतिगृह सुरू करण्यात आले. हेतू उदात्त होता. व्यवस्था चालकांवर सोपविण्यात आली. परंतु काही वर्षांतच असे आढळून आले की तेथे उच्च जातीचेच विद्यार्थी उरले आहेत आणि ज्यांच्यासाठी महाराजांचा जीव तुटत होता, ती खेड्यातील मुले दाराबाहेरच आहेत.

अशा प्रसंगी आपण काय करतो? एकदा सोपविलेले काम बिघडले की आपण ते परत घेतो आणि यापुढे सर्व काही मीच पाहीन, अशी प्रतिज्ञा करतो. महाराजांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या लक्षात आले की ज्याचे मूल शिकणार आहे, त्याच्याच हाती वसतिगृह दिले पाहिजे. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन समाजाचे, १९०६ मध्ये मुस्लिम समाजाचे, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत समाजाचे आणि १९०८ मध्ये अस्पृश्य समाजासाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेल सुरू झाले. आपल्या ख्रिस्ती बांधवांनी याची विशेष आठवण ठेवावी. कोल्हापुरात अगदी अल्पसंख्य असलेल्या समाजालाही महाराजांनी आपले घर आपण चालविण्याइतके जाणते मानले होते.

महाराजांच्या हयातीत अशा वीसच्या आसपास संस्था उभ्या राहिल्या. दरबाराने कोठे जागा दिली, कोठे इमारत दिली, कोठे कायमचे उत्पन्न लावून दिले. दैनंदिन कारभार मात्र त्या त्या समाजाच्या मंडळींनी पाहावयाचा होता. वर्गणी गोळा करणे, मुले निवडणे, स्वयंपाकाची व्यवस्था लावणे, हिशेब ठेवणे ही कामे करता करता शिकलेली माणसे पुढे सार्वजनिक जीवनात आली. मुलांना शिकवता शिकवता वडीलधाऱ्यांचेही शिक्षण झाले.

जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद वाढेल, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि आजही घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे कोणी म्हणू नये. महाराजांचे ध्येय जाती मोडण्याचे होते, याविषयी त्यांच्या पुढील हुकुमांनी शंका ठेवली नाही. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा आदेश दिला.

अधिकार देण्यापूर्वी तयारी

खेड्याचा कारभार त्या काळी वंशपरंपरेने चाले. कुलकर्ण्याच्या घरी दप्तर आणि पाटलाच्या घरी मान. पाटील अनेकदा निरक्षर असे आणि म्हणून नावाचाच मालक असे. १९११ च्या दिल्ली दरबाराचे स्मारक म्हणून महाराजांनी पाटील शाळा काढली. गावच्या पाटलाला आपल्या कामाचे कायदे, कागदपत्रे आणि हिशेब समजावेत, हा तिचा हेतू होता. त्यानंतर १९१८ मध्ये कुलकर्णी वतने रद्द करून शिकलेले, पगारी तलाठी नेमण्यात आले. आधी शाळा आणि मग अधिकार, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

हाच क्रम संपूर्ण प्रजेसाठी लावण्याचा प्रयत्न म्हणजे १९१७ चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. एका छोट्या संस्थानाने या कामी वर्षाला एक लाख रुपये खर्च करण्याची तयारी दाखविली. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड ठेवला. त्या सुमारास महाराजांनी जाहीरपणे असे सांगितले होते की, आपली सर्व प्रजा मराठी तिसरी इयत्ता शिकलेली असती, तर राज्यकारभाराचे हक्क तिच्या हाती आनंदाने देऊन आपण विश्रांती घेतली असती.

हे उद्गार महाराजांच्या मोठेपणाचे द्योतक आहेत, तसेच त्यांच्या मर्यादेचेही. कारण राज्यकारभाराचे हक्क त्यांच्या हयातीत प्रजेला मिळाले नाहीत. अखेरचा शब्द छत्रपतींचाच राहिला. अशिक्षित समाजाच्या हाती मत आले तर मूठभर शिकलेले लोकच ते वापरून घेतील, ही त्यांची भीती निराधार नव्हती. पण समोरचा माणूस अजून तयार झालेला नाही, हे कारण प्रत्येक वडीलधाऱ्याच्या ओठावर असते, हेही तितकेच खरे. फरक एवढाच की महाराजांनी ते कारण सांगून स्वस्थ बसणे पत्करले नाही. प्रजा तयार व्हावी म्हणून त्यांनी खजिना रिता केला. आपण मात्र मुलाला बँकेचा साधा अर्जही भरू देत नाही आणि पुन्हा त्याला व्यवहार कळत नाही अशी तक्रार करतो.

गंगाराम कांबळे यांचे दुकान

महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे एक अस्पृश्य सेवक होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांना हे कळताच त्यांनी अपराध्यांना कडक शासन केले. तेवढ्यावर कोणताही न्यायी राजा थांबला असता. परंतु नोकरीत राहिल्यास गंगाराम नेहमी कोणाच्या तरी आश्रयाखालीच राहणार होते. महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढण्यास साह्य केले.

गंगारामांनी कोल्हापूर शहरात भर रस्त्यावर चहाचे दुकान थाटले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास कोण येणार? महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून चहा मागवीत आणि सोबतच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. दुकान गंगारामांचे, गल्ला गंगारामांचा आणि राजा केवळ गिऱ्हाईक. महाराजांच्या पश्चात १९२५ मध्ये कोल्हापुरात त्यांचे एक स्मारक उभारण्यात आले, त्यात याच गंगारामांचा पुढाकार होता. पदरी ठेवलेल्या नोकराकडून असे स्मारक क्वचितच उभे राहते.

सार्वजनिक दवाखान्यांतही महाराजांनी हीच दृष्टी ठेवली. १९१९ मध्ये त्यांनी आपल्या वैद्यकीय खात्याला आज्ञा केली की अस्पृश्य रुग्णांना प्रेमाने व समानतेने वागवावे, आणि त्यासाठी मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या डॉक्टरांचा कित्ता पुढे ठेवला. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, असेही बजावले. काम दुसऱ्याने करावयाचे असले तरी ते कोणत्या भावनेने व्हावे, हे सांगणे त्यांनी आपले कर्तव्य मानले.

माणगावची परिषद

सोपवून देण्याची खरी कसोटी असते ती नेतृत्वाच्या बाबतीत. पैसा देता येतो, काम देता येते. परंतु लोकांच्या मनातील आपले स्थान दुसऱ्याला देणे फार थोड्यांना साधते.

अस्पृश्यांचा कैवारी म्हणून महाराजांचे नाव देशभर झाले होते. अशा वेळी परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची कीर्ती त्यांच्या कानी आली. महाराज मुंबईला परळच्या चाळीत स्वतः त्यांना भेटावयास गेले. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ या पाक्षिकासाठी त्यांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले. आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची जी परिषद भरली, तिच्या अध्यक्षपदी बाबासाहेब होते.

महाराज त्या परिषदेस उपस्थित राहिले. जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की तुम्हांला तुमचा खरा पुढारी लाभला आहे आणि तोच तुमचा उद्धार करील. बाबासाहेबांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. ज्या लोकांनी आजवर राजाकडे आशेने पाहिले, त्यांना राजानेच दुसरीकडे बोट दाखविले. त्या दिवशी महाराजांचे काही कमी झाले का? शंभर वर्षांनंतरही माणगावचे नाव निघाले की दोघांचेही स्मरण एकत्र होते.

राजवाड्यातील दुःख

घरातील माणसांना मोकळीक देणे हे दरबारातील कामापेक्षा अवघड असते. महाराजांनी राजाराम व शिवाजी या दोन्ही पुत्रांना शिक्षणासाठी दूर पाठविले. १२ जून १९१८ रोजी धाकटे राजकुमार शिवाजी यांचा शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला. त्यांच्या मागे राहिल्या त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी. वय अवघे अकरा वर्षे, विवाहाला जेमतेम एक वर्ष झालेले.

त्या काळच्या राजघराण्यात बालविधवेचे पुढील आयुष्य ठरलेले होते : पडदा, सोवळे आणि चार भिंती. पुत्रशोकाने खचलेल्या सासऱ्याने सुनेला अधिकच जपून, कोंडून ठेवले असते तरी त्याला कोणी दोष दिला नसता. महाराजांनी तिला शिकविण्याचे ठरविले. कोल्हापूरजवळील सोनतळी येथे, राजवाड्याच्या वातावरणापासून दूर, तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. जुन्या वळणाच्या मंडळींना हे रुचणारे नव्हते. सुनेने डॉक्टर व्हावे, अशी महाराजांची इच्छा होती.

ती इच्छा पुरी झाली नाही. महाराजांच्या निधनानंतर वैद्यकीय शिक्षणाचा बेत मागे पडला. परंतु इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या आणि पुढे त्यांनी कोल्हापुरात स्त्रियांच्या शिक्षणासाठी संस्था उभारल्या. सासऱ्याने आखून दिलेली वाट अडली तेव्हा सुनेने आपली वाट काढली. शिक्षणाने तिला नेमके हेच सामर्थ्य दिले होते.

अपुरे राहिलेले धरण

भोगावती नदीवर राधानगरी येथे मोठे धरण बांधण्याचे काम महाराजांनी १९०९ च्या सुमारास हाती घेतले. काम प्रचंड होते आणि संस्थानाचा खजिना लहान. काही उंचीपर्यंत बांधकाम झाल्यावर पैशाअभावी ते थांबवावे लागले. ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. धरण अपुरेच होते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत आणि स्वातंत्र्यानंतर इतरांच्या हातून ते पूर्णत्वास गेले. आज त्या पाण्यावर जो ऊस डोलतो, तो पाहण्यास महाराज उरले नाहीत.

कोल्हापूर हे कुस्तीचे गाव. खासबागेचे मैदानही महाराजांनीच बांधविले. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला वर्षानुवर्षे घडवितो, त्याच्या खुराकापासून झोपेपर्यंत सर्व पाहतो. परंतु मैदानात कुस्ती लागली की वस्तादाने कडेला उभे राहावयाचे असते. डाव चुकताना दिसतो, जीव कासावीस होतो, तरी मातीत उतरता येत नाही. कुस्तीवर प्रेम करणाऱ्या या राजाला हा धडा आखाड्याने दिला असेल, असे म्हणावेसे वाटते.

वाचकहो, आपल्या घरात आणि कामाच्या ठिकाणी आपणही लहानमोठे वस्ताद असतो. वयात आलेला मुलगा, नव्याने आलेली सून, हाताखालचा होतकरू कारकून, मंडळातील तरुण कार्यकर्ता यांच्या हाती काही सोपविताना आपला हात थरथरतो. आपल्याइतके नीट कोणी करणार नाही, असे वाटते आणि सुरुवातीला ते खरेही असते. शाहू महाराजांचे चरित्र आपल्याला तीन साध्या गोष्टी सांगते. आधी शिकवावे, मग सोपवावे आणि हिशेब विचारावा. पण सोपविलेल्या कामात वारंवार हात घालू नये. एकदा फसले म्हणून विश्वास टाकणे सोडू नये, कोणाच्या हाती दिले याचा मात्र फेरविचार करावा. आणि आपल्यापेक्षा योग्य माणूस पुढे आला, तर त्याच्याकडे स्वतः बोट दाखवावे.

दसरा चौकातील त्या इमारतींत मुलांच्या पिढ्या वाढल्या. त्यांतील असंख्य मुलांनी महाराजांना कधी पाहिलेही नव्हते. राजाने किल्ली दुसऱ्यांच्या हाती दिली होती, म्हणून राजा गेल्यावरही दारे उघडी राहिली.